जुने मिरजी तंबोरे

मिरज (सांगली जिल्हा, महाराष्ट्र) येथील कारागिरांनी साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घडवलेल्या आणि आजही वापरात किंवा संग्रहात असलेल्या तंबोऱ्यांना जुने मिरजी तंबोरे म्हटले जाते. तंबोरा किंवा तानपुरा हे हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतातील आधारस्वराचे वाद्य आहे. त्यावर राग वाजवला जात नाही. गायनाच्या आरंभापासून अखेरपर्यंत तो षड्ज व त्याच्या जोडीचा स्वर अखंड धरून ठेवतो. चांगल्या जुन्या तंबोऱ्याला गायकांकडून मागणी असते, तशीच वाद्यसंग्राहकांकडूनही असते. मात्र गायक ज्या गुणासाठी जुना तंबोरा शोधतो आणि संग्राहक ज्या गुणासाठी किंमत मोजतो, ते गुण नेहमी एकच नसतात. पुष्कळदा ते परस्परविरोधी असतात, कारण तंबोऱ्याचा नाद ज्या पृष्ठभागावर अवलंबून असतो तो वाजवल्याने झिजतो आणि पुन्हा पुन्हा नव्याने घडवावा लागतो.

रचना

तंबोऱ्याचे मुख्य भाग म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा, त्याचे तोंड झाकणारी लाकडी तबली, तुंबा व दांडी यांना जोडणारा गळा (गुलू), पोकळ दांडी आणि तिच्या टोकाशी असलेल्या खुंट्या. तारा तुंब्याच्या तळाशी असलेल्या लंगोटापासून निघतात, तबलीवरील रुंद घोडीवरून जातात आणि वरच्या बाजूस अटी व तारगहन या दोन पट्ट्या ओलांडून खुंट्यांना गुंडाळल्या जातात. घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये तारांत ओवलेले मणी असतात. खुंटीने स्वर ढोबळमानाने मिळवला जातो, त्याचा सूक्ष्म भाग मण्याने साधला जातो.

बहुतेक तंबोऱ्यांना चार तारा असतात. पहिली तार रागानुसार मंद्र पंचम, मध्यम किंवा निषादाला लावली जाते, मधल्या दोन तारा म्हणजे षड्जाची जोडी आणि चौथी तार खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी व खर्जाची तार पितळी असते. पुरुष गायकांसाठीचा तंबोरा सुमारे ५ फूट लांबीचा व मोठ्या तुंब्याचा असतो, स्त्रियांच्या उंच पट्टीसाठीचा त्याहून लहान. काळी एकच्या पट्टीसाठी घडवलेला तंबोरा काळी चारला चढवला तर तो वाजतो, पण बोलत नाही. म्हणून जुन्या तंबोऱ्याचा विचार करताना तो कोणत्या पट्टीचा आहे हा प्रश्न त्याच्या वयाच्या प्रश्नाआधी येतो.

जवारी

सतार, वीणा व तंबोरा या वाद्यांची घोडी गिटार किंवा व्हायोलिन यांच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा अतिशय मंद उताराचा असतो. कंप पावणारी तार या उताराला हलकेच स्पर्श करत राहते. त्यामुळे तारेची कंप पावणारी लांबी प्रत्येक आंदोलनात किंचित बदलते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे आंशिक स्वर एकामागून एक उजळतात. या गुणाला आणि तो देणाऱ्या घोडीच्या पृष्ठभागालाही जवारी असे म्हणतात. तंबोऱ्यात घोडी व तार यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवला जातो. त्याला सूत म्हणतात. सूत केसाएवढे पुढेमागे झाले तरी तंबोरा ‘उघडतो’ किंवा ‘बंद’ होतो.

या घटनेचा भौतिकशास्त्रीय अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. भारतीय तंतुवाद्यांविषयीच्या १९२१ मधील आपल्या निबंधात त्यांनी असे दाखवले की, वीणा व तंबोरा यांच्या बाबतीत तार छेडण्याचा परिचित नियम पाळला जात नाही. त्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या आंशिक स्वराचा निस्पंद येतो तो स्वर ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो आणि त्याचे कारण घोडीचा वक्र माथा हेच आहे. खर्जाच्या तारेतून दोन सप्तके वर गंधार उमटतो तो तिचा पाचवा आंशिक स्वर होय. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि जुन्या तंबोऱ्याची परीक्षा बहुधा त्याच्यावरूनच करतात.

जवारी कायमची नसते. तारांच्या घर्षणाने घोडीवर बारीक चऱ्या पडतात, उतार बिघडतो, आवाज पत्र्यासारखा किंवा मुका होतो. मग कारागीर तारा उतरवून कानशीने व बारीक घासकामाने माथा पुन्हा घडवतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. याला जवारी काढणे म्हणतात. हे काम मोजमापाने होत नाही, कानाने होते. प्रत्येक वेळी घोडीचा थोडा अंश निघून जातो. काही दशकांत घोडी इतकी उतरते की ती बदलावीच लागते. यामुळे शंभर वर्षांचा तंबोरा ऐकताना कानी पडणारी जवारी बहुधा अलीकडच्या एखाद्या कारागिराच्या हातची असते. जुन्या तंबोऱ्याच्या मोलाविषयीच्या चर्चेत ही गोष्ट फार कमी वेळा लक्षात घेतली जाते.

मिरजेतील परंपरा

मिरजेत वाद्यनिर्मितीची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली. फरीदसाहेब यांचे नाव या परंपरेचे आद्य पुरुष म्हणून घेतले जाते. ते शिकलगार समाजातील होते. शिकलगारांचा पिढीजात व्यवसाय शस्त्रे घडवणे व त्यांना धार लावणे हा होता. ब्रिटिश अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कुटुंबांना दुसरे काम शोधावे लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला गवई व वादक येत असत, त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत. दुरुस्तीतून निर्मिती सुरू झाली आणि कालांतराने ही कुटुंबे सतारमेकर या आडनावाने ओळखली जाऊ लागली. मिरज शहरातील सतारमेकर गल्ली हे नावही तेव्हापासूनच्या व्यवसायाची खूण आहे. कानशीवरचा जो हात पूर्वी तलवारीच्या पात्यासाठी लागे तोच जवारीसाठी कामी आला, हे परंपरेने सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे.

मिरज ही केवळ कारागिरांची वसाहत राहिली नाही. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर काही काळ मिरजेत होते आणि त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण झाले. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि संगीताचे शिक्षण घरंदाज शिष्यांपुरते न राहता मध्यमवर्गात पसरले. ज्या घरांत पूर्वी तंबोरा नव्हता त्या घरांना तो हवासा वाटू लागला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरज हे आपले गाव मानले. वाद्यदुरुस्ती व जवारी यांचे त्यांना चांगले ज्ञान होते. त्यांची समाधी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात असून तेथे उरुसाच्या निमित्ताने संगीतसभा भरते. गायक व कारागीर यांच्या या शेजाराचा मिरजेच्या तंबोऱ्यावर मोठा परिणाम झाला. कारागिराने केलेली चूक गायक दुसऱ्याच दिवशी दाखवून देऊ शकत होता.

तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडात घडवलेला असतो, तुंब्यासकट. मिरजेचा तुंबा भोपळ्याचाच असतो. दांडी व तबली यांसाठी मिरजेत प्रामुख्याने तुणीचे लाकूड वापरतात. व्यवहारात त्याला लाल देवदार म्हणतात, जरी देवदार वृक्षाशी त्याचा संबंध नाही. हे लाकूड कर्नाटकातील जंगलांतून येते. वजनाला हलके, कापायला सोपे व बऱ्यापैकी स्थिर असे हे लाकूड असल्याने पातळ तबलीसाठी ते सोयीचे पडते.

भोपळा

जुन्या तंबोऱ्याचा सर्वांत दुर्मीळ भाग कोणता, याचे उत्तर बहुतेकांना नक्षी किंवा हस्तिदंत असे वाटते. प्रत्यक्षात तो भोपळा असतो. वाद्यांसाठीचा भोपळा कडू जातीचा असून खाण्यास निरुपयोगी असतो. त्याची लागवड सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर व मंगळवेढा या भागांत, भीमा नदीच्या काठच्या जमिनीत होते. फळ वाढत असताना ते जमिनीवर एका कुशीवर लोळले तर आकार चपटा होतो, म्हणून शेतकरी त्याची बैठक सांभाळतात. पिकल्यावर तो वेलीवरच सुकू दिला जातो, मग कापून आतील गर काढून दीर्घकाळ वाळवला जातो. पुराचे पाणी शेतात आले किंवा फळ धरण्याच्या दिवसांत हवा बिघडली, तर त्या वर्षी मोठे भोपळे मिळत नाहीत.

पुरुषी तंबोऱ्याला लागणारा, ५० इंच वा त्याहून अधिक घेराचा, सर्व बाजूंनी सारखा आणि जाड सालीचा भोपळा शेकड्यांत थोडाच निघतो. लाकूड दुसऱ्या झाडाचे आणता येते, नक्षी पुन्हा कोरता येते, परंतु भोपळा जसा उगवला तसाच घ्यावा लागतो. कारागीर चांगले भोपळे पाहून बाजूला ठेवतात आणि कित्येक वर्षांनी त्यांना हात लावतात. जुन्या मिरजी तंबोऱ्यांपैकी जे विशेष नावाजले गेले त्यांचे तुंबे मोठे, खोल व सुडौल आहेत. अशा तुंब्याला तडा गेला तर त्याच मापाचा नवा मिळवणे कठीण असते आणि मिळाला तरी वाद्य पूर्वीचे राहत नाही.

याच कारणाने जोडीच्या तंबोऱ्यांना वेगळे मोल आहे. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात. एकाच कारागिराने सारख्या भोपळ्यांवर घडवलेली जोडी फुटली, म्हणजे वाटणीत एक एका भावाकडे व दुसरा दुसऱ्याकडे गेला, की दोन्हींची किंमत घसरते. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत असे झाले आहे.

काळाचा परिणाम

‘तंबोरा जितका जुना तितका गोड’ ही समजूत अर्धसत्य आहे. लाकडावर काळाचा परिणाम होतो, यात शंका नाही. लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक दशकांच्या ओघात हळूहळू विघटित होतो, त्यामुळे लाकूड किंचित हलके होते व हवेतील दमट शोषून घेण्याची त्याची क्षमता कमी होते. असे लाकूड स्वराला कमी अडवते. भोपळ्याची सालही वाळत जाऊन कठीण होते. नव्या तंबोऱ्याचा स्वर हवेच्या फरकाने जितका ढळतो तितका जुन्याचा ढळत नाही, हा गायकांचा अनुभव याच्याशी जुळतो. रात्रीच्या मैफलीत मेळ टिकून राहणे ही छोटी गोष्ट नव्हे.

पण जुन्या वाद्यांच्या कीर्तीमागे आणखी एक कारण आहे व ते वाद्याच्या आत नसून बाहेर आहे. मिरजेत दरवर्षी चांगले व सामान्य असे दोन्ही प्रकारचे तंबोरे बनत होते. सामान्य तंबोरे मुलांच्या शिकवणीत झिजले, माळ्यावर किडले, मोडीत निघाले. जे चांगले होते त्यांची गवसणी शिवली गेली, वेळच्या वेळी दुरुस्ती झाली, ते गुरूकडून शिष्याकडे गेले. आज समोर येणारे जुने तंबोरे हे अशा रीतीने गाळून उरलेले आहेत. त्यांची तुलना आजच्या सरसकट तंबोऱ्यांशी करणे न्याय्य नाही.

युरोपीय वाद्यांबाबत या समजुतीची परीक्षा झालेली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॅडिव्हॅरीसारख्या जुन्या इटालियन कारागिरांची व्हायोलिने आणि नवी व्हायोलिने निष्णात वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे चढवून वाजवायला दिली. २०१२ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वादकांना जुने कोणते व नवे कोणते हे खात्रीने ओळखता आले नाही आणि अनेकांनी नवीच पसंत केली. तंबोऱ्याच्या बाबतीत वादकाने स्वतः गळ्याने स्वर लावून वाद्य जोखायचे असते, त्यामुळे ही परीक्षा जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरीही केवळ वयावर किंमत ठरवणाऱ्याने ती लक्षात ठेवावी अशी आहे.

गायकाची पारख

गायक तंबोरा निवडताना पहिल्यांदा तो आपल्या पट्टीत लावून पाहतो. चारही तारांची आस, म्हणजे छेडल्यानंतर स्वर टिकण्याचा काळ, सारखी आहे का. एक तार संपण्याआधी दुसरी तिच्यात मिसळते का. खर्जातून गंधार येतो का, हे ऐकले जाते. त्यानंतर हात दांडीवर फिरतो. दांडीला तारांच्या ताणाने बाक आला असेल किंवा तबली घोडीखाली खचली असेल, तर तारांचा घोडीवरील कोन बदलतो आणि कोणतीही जवारी फार काळ टिकत नाही. खुंट्या घसरतात का, गळ्याचा सांधा सुटला आहे का, तुंब्यावर बोटाने टिचकी मारली असता आवाज खणखणीत येतो की बसका, याही गोष्टी तपासल्या जातात. तबलीवरील जुनी दुरुस्ती, उडालेला रंग, तुटलेली नक्षी यांच्याकडे गायक सहसा दुर्लक्ष करतो.

तंबोरा कोणाच्या हाताखाली राहिला याला गायकांच्या जगात वेगळेच महत्त्व आहे. गुरूच्या निधनानंतर त्यांचा तंबोरा शिष्याकडे येणे ही केवळ वस्तूची देवघेव मानली जात नाही. कुमार गंधर्वांसारखे गायक तंबोऱ्याच्या मेळासाठी बराच वेळ देत. अशा गायकांच्या सहवासात शिकलेल्या शिष्याला तो विशिष्ट मेळ कानात घेऊनच पुढे जायचे असते आणि त्यासाठी तेच वाद्य सर्वांत सोयीचे असते.

संग्राहकाची पारख

संग्राहक वाद्याकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. कारागिराचे नाव, काळ, मूळ नक्षी, मूळ खुंट्या, मूळ रोगण व मालकीची हकिगत यांवर तो भर देतो. जुन्या मिरजी तंबोऱ्यांवर तबलीच्या व गळ्याच्या कडेने हस्तिदंत, हाड किंवा सांबरशिंगाची पट्टी व पानाफुलांची नक्षी आढळते. पुढील काळात तिची जागा सेल्युलॉइड व प्लॅस्टिकने घेतली. त्यामुळे नक्षीचे द्रव्य काळ ठरवण्याचा एक ढोबळ पुरावा ठरतो, पण एकमेव नव्हे, कारण जुन्या वाद्याची नक्षी नंतर बदललेली असू शकते आणि नव्या वाद्याला जुने तुकडे बसवता येतात. तबलीच्या आतील बाजूचे हत्याराचे व्रण, सांध्यातील सरस, खुंटीच्या भोकांची झीज हे पुरावे अधिक विश्वसनीय आहेत. ‘हा अमुक बुवांचा तंबोरा’ अशी तोंडी हकिगत छायाचित्र किंवा पत्राविना आली, तर जाणकार तिला किंमत देत नाहीत.

सार्वजनिक संग्रहांपैकी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात भारतीय वाद्यांचा मोठा विभाग आहे. परदेशात ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात कोलकात्याचे शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भेट दिलेली भारतीय वाद्ये आहेत. रविशंकर यांची नोडू मलिक यांनी घडवलेली सतार २०१७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देण्यात आली. अशा ठिकाणी वाद्य सुरक्षित राहते व अभ्यासकाला पाहता येते. तेथे ते सहसा वाजवले मात्र जात नाही.

गिटारशी तुलना

जुन्या वाद्यांची बाजारपेठ सर्वाधिक विकसित झाली ती अमेरिकेतील पोलादी तारांच्या गिटारभोवती. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मार्टिन या कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारांना आज फार मोठी किंमत येते. त्यांच्या तबलीखालच्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. १९४४ च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली, कारण वादक जाड तारा लावू लागले होते व तबल्या ताणाने फुगत होत्या. म्हणजे ज्या नाजूकपणाला आज मोल आहे तोच तेव्हा दोष ठरला होता. यांपैकी अनेक गिटारांच्या कुशी व पाठ ब्राझीलच्या शिसवीची असे. ते लाकूड दुर्मीळ झाल्यावर मार्टिनने १९६९ पासून भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि जुन्या गिटारांची किंमत आणखी चढली. सह्याद्रीतील शिसव अशा रीतीने जगभरच्या गिटारांत पोचली. महाराष्ट्रात तिची ओळख मात्र पलंग-कपाटांचे लाकूड म्हणूनच राहिली.

नादाशी संबंध नसलेली किंमतही गिटारच्या बाजारात स्पष्ट दिसते. कर्ट कोबेन यांनी वापरलेली १९५९ ची मार्टिन गिटार जून २०२० मध्ये ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. ही किंमत वादकाच्या नावाची आहे.

तंबोऱ्याची तुलना येथवरच पोचते. गिटारचे मूळ रोगण खरवडून नवे चढवले तर तिची किंमत मोठ्या प्रमाणात घटते, आणि घोडीही शक्यतो मूळचीच हवी असते. तंबोऱ्याला हा निकष लावला तर एकही वाजता जुना तंबोरा अस्सल ठरणार नाही. मूळ घोडी जपायची म्हटली तर जवारी काढता येत नाही. जवारी काढली नाही तर तंबोरा हे केवळ एक मोठे कोरीव भांडे उरते. शहरांतील दिवाणखान्यांत, हॉटेलांत आणि किनाऱ्यावरील सुट्टीच्या बंगल्यांत शोभेसाठी भिंतीला टेकवलेले, तारा गंजलेले तंबोरे पाहायला मिळतात. त्यांपैकी काही चांगली वाद्ये असण्याचा संभव असतो.

दुरुस्ती

कोणत्या दुरुस्तीने मोल घटते व कोणत्या दुरुस्तीने टिकते याविषयी गायक व कारागीर यांच्यात बऱ्यापैकी एकमत आढळते. तारा, सूत, मणी बदलणे ही दुरुस्ती मानलीच जात नाही. जवारी व गरज पडल्यास घोडी बदलणे हे वाद्याच्या नित्य जीवनाचा भाग आहे. तुंब्यावरील लहान तडा सरसाने सांधून आतून कापड डकवले तर नादात फारसा फरक पडत नाही. तबली बदलणे ही मोठी शस्त्रक्रिया होय आणि तुंबाच बदलला तर जुना तंबोरा म्हणून त्याची ओळख संपते. सर्वांत अधिक नुकसान होते ते सुंदर करण्याच्या हौसेने. जुन्या लाखेवर जाड चकचकीत रोगणाचे थर चढवले की तबली जड होते व तिचे कंपन बुजते. हे रोगण नंतर काढताना पातळ तबलीचाही अंश निघतो.

किनारपट्टीवरील जतन

मिरज दख्खनच्या पठारावर कोरड्या हवेत आहे. कोकण किनाऱ्यावर, उदाहरणार्थ अलिबाग येथे, वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मिरजेचा पाऊस त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी असतो. पठारावर घडलेले वाद्य किनाऱ्यावर आणले की ते हवेतील दमट शोषून फुगते, खुंट्या भोकांत आवळतात, सरसाचे सांधे मऊ पडतात. पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसते आणि खुंट्या घसरू लागतात. वर्षानुवर्षे हे चक्र चालू राहिल्यास गळ्याचा सांधा सर्वांत आधी सुटतो. खाऱ्या वाऱ्याने पोलादी तारा लवकर गंजतात, पितळी तार काळवंडते आणि बंद खोलीत ठेवलेल्या भोपळ्याला आतून बुरशी धरते.

यावर उपाय साधे आहेत. तंबोरा बाहेरील भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण पावसाळ्यात ती भिंत पाझरते. गवसणी सुती असावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट कोंडतो आणि बुरशी अधिक वाढते. दीर्घकाळ वाजवायचा नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण उतरवू नयेत, नाहीतर घोडी जागेवरून हलते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. उन्हात वाळवणे हा उपाय नव्हे, त्याने तबलीला तडे जातात. रोज वाजणारा तंबोरा किनाऱ्यावरही चांगला राहतो, कारण त्याची हवा पालटते आणि बिघाड वेळीच लक्षात येतो.

कायदेशीर बाबी

जुन्या तंबोऱ्यांच्या खरेदी-विक्रीला भारतात दोन कायदे लागू होऊ शकतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे. हस्तिदंताची नक्षी किंवा घोडी असलेला तंबोरा घरात वारशाने आलेला असला तरी तो विकता येत नाही. पुरावशेष व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या, कला-कारागिरीचा इतिहास सांगणाऱ्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. जुना तंबोरा परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे पाठवणाऱ्या कुटुंबांना या तरतुदी बहुधा ठाऊक नसतात.

आजची स्थिती

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे तो सर्वत्र पसरला आणि आता भ्रमणध्वनीवरच तंबोऱ्याचा नाद मिळतो. तो पट्टी सोडत नाही, फुटत नाही, सहज नेता येतो. रियाजासाठी अनेक विद्यार्थी त्याचाच वापर करतात. यामुळे मध्यम प्रतीच्या तंबोऱ्यांची मागणी घटली, तसेच तंबोरा लावण्याचे शिक्षणही मागे पडले. ज्याला तंबोरा लावता येत नाही त्याला जुना व नवा यांतला फरक ऐकू येणे अवघड आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीसाठी ते मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेला, तर तंबोऱ्यासाठी सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म या संस्थेला देण्यात आले. मिरजेबाहेर बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकले जाऊ नये, हा त्याचा हेतू आहे. हे मानांकन आजच्या उत्पादनाचे आहे. जुन्या तंबोऱ्याची ओळख पटवण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच जाणकार कारागिरांवर राहते. मिरजेतील काही कारागीर आजही ठरावीक काळाने पुणे-मुंबईस जाऊन गायकांच्या घरी तंबोऱ्यांची जवारी काढून देतात. नव्या पिढीतील फार थोडे जण हे काम शिकतात, कारण कान तयार व्हायला अनेक वर्षे लागतात आणि तोवरची मिळकत तुटपुंजी असते.